‘रोज तासभर चालते हो डॉक्टर!’

कानात इअरफोन घालून चालता चालता ऐकत असाल तर फारच छान, कारण आज बोलायचंय ते चालण्याबद्दलच. म्हणजे आपण किती चालतो हे जे आपण इतरांना सांगतो ना, त्याबद्दल.

सुरुवातीला एक छोटं काम. मोबाईल खिशातून काढायचा नाही, ॲप उघडायचं नाही. मनातल्या मनात एक आकडा ठरवा. गेल्या सात दिवसांत तुम्ही एकूण किती मिनिटं भरभर चाललात? श्वास जरा वाढेल इतकं भरभर. ठरवलात? राहू दे तो तसाच डोक्यात. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मी आईला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. आईचं वजन ८४ किलो, उंची पाच फूट एक इंच, शुगर नुकतीच काठावर आलेली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघत बघत विचारलं, “व्यायाम?” आई म्हणाली, “रोज तासभर चालते हो डॉक्टर.” त्यांनी मान वर केली, हसले आणि म्हणाले, “काकू, रोज तासभर चालला असता तर हे वजन राहिलं असतं का? डॉक्टरशी तरी खरं बोलायचं.”

आई काही बोलली नाही. रिक्षातही नाही. आणि पुढचे आठ महिने ती कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही. “मला जायचं नाही तिथे,” एवढंच म्हणायची. आठ महिन्यांनी पायाला झालेली जखम भरेना म्हणून गेलो, तेव्हा शुगर काठ ओलांडून बरीच पुढे गेली होती.

आता यातली मला लाज वाटणारी गोष्ट सांगते. त्या दिवशी केबिनमध्ये मलाही वाटलं होतं की आई जरा वाढवून सांगतेय. आणि मी तेव्हा काम काय करत होते? एका आरोग्य सर्व्हेमध्ये घरोघरी जाऊन लोकांना विचारत होते, “तुम्ही आठवड्यातून किती दिवस, किती वेळ शारीरिक हालचाल करता?” लोक सांगायचे, मी टॅबमध्ये भरायचे, संध्याकाळी सबमिट. माणूस स्वतः सांगतोय त्याअर्थी बरोबरच असणार, या भरवशावर तो आख्खा डेटा उभा होता. मग आईचंच खोटं कसं काय?

या प्रश्नाने मला जरा खोदकाम करायला लावलं. त्यात जे सापडलं ते आज सांगते.

जगभर अशा सर्व्हेत वापरल्या जाणाऱ्या दोन-तीन प्रश्नावल्या आहेत. त्यातली एक आयपॅक. तिचा छोटा अवतार फक्त सात प्रश्नांचा आहे. गेल्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही जोरकस हालचाल केलीत, जसं जड उचलणं, खणणं, एरोबिक्स, वेगात सायकल? किती दिवस मध्यम? किती चाललात? किती वेळ बसलात? झालं. बारा देशांत तिची चाचणी घेतली गेली आणि २००३ साली निकाल छापून आले. त्याच माणसाला काही दिवसांनी पुन्हा विचारलं तर उत्तर बऱ्यापैकी तेच यायचं, म्हणजे सातत्य चांगलं. पण कमरेला लावलेल्या यंत्राशी उत्तर ताडून बघितलं तर नातं साधारण ०.३. स्टॅटिस्टिक्स केलेल्यांना कळेल, त्याचा वर्ग ०.०९. म्हणजे यंत्राला माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक उत्तरांवरून पकडता येतो. बाकी सगळं धुकं.

हे यंत्र म्हणजे ॲक्सेलरोमीटर. तुमच्या फोनमध्ये स्टेप्स मोजणारं जे असतं, त्याचाच संशोधनातला भाऊ.

इंग्लंडमध्ये २००८ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्व्हेत लोकांना विचारलंही आणि त्यातल्या काही जणांना यंत्रही लावलं. आठवड्यातले निदान पाच दिवस अर्धा तास मध्यम हालचाल, हा तेव्हाचा सल्ला. तो आम्ही पाळतो असं ३९ टक्के पुरुषांच्या आणि २९ टक्के बायकांच्या उत्तरांवरून दिसत होतं. यंत्राने सांगितलं, पुरुष ६ टक्के, बायका ४ टक्के. अमेरिकेत २००३-०४ च्या सर्व्हेत सात दिवस यंत्र लावून बघितलं, तर असा सल्ला पाळणारे प्रौढ ५ टक्क्यांपेक्षाही कमी निघाले.

ऐकून पटकन काय वाटतं? लोक खोटं बोलतात. बस्स. मलाही तेच वाटलं. आणि लठ्ठपणाच्या बाबतीत तर हे ‘सिद्ध’ करणारा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, जो डॉक्टर मंडळी अजूनही सांगतात.

१९९२ साल, न्यूयॉर्क. लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी दहा लठ्ठ माणसं निवडली. ही सगळी म्हणत होती की आम्ही दिवसाला १२०० कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही. त्यांची खरी ऊर्जा मोजायला वापरलं ‘डबली लेबल्ड वॉटर’. नाव भारी आहे, पण कल्पना सुंदर आहे, थोडक्यात सांगते. माणसाला असं पाणी प्यायला देतात ज्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही नेहमीपेक्षा किंचित जड असतात. दोन आठवडे लघवीचे नमुने घ्यायचे. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या रूपात जातो: घाम, लघवी, श्वासातली वाफ. जड ऑक्सिजन मात्र पाण्यातूनही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोघांच्या जाण्याच्या वेगातला फरक काढला की कळतं शरीराने किती कार्बन डायऑक्साइड तयार केला, म्हणजेच किती इंधन जाळलं. यात माणसाला काही आठवावं लागत नाही की लिहावं लागत नाही. महाग आहे, म्हणून लाखो लोकांवर करता येत नाही.

निकाल असा आला: चयापचय व्यवस्थित होता, अपेक्षेच्या पाच टक्क्यांच्या आत. पण खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल सरासरी ५१ टक्के जास्त. झालं! ‘लठ्ठ माणसं खोटं बोलतात’ ही हेडलाइन तयार.

पण थांबा. त्या ५१ टक्क्यांच्या शेजारी अजून एक आकडा छापलाय, जो कुणी सांगत नाही. प्रमाण विचलन ७५. सरासरी ५१ आणि विखुरणं ७५! म्हणजे त्या दहा जणांत काहींचा अंदाज प्रचंड फुगलेला असणार आणि काहींचा जवळपास बरोबर, कदाचित उलट बाजूलाही गेलेला. शिवाय ही दहा माणसं मुद्दाम निवडलेली होती, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणारी. त्यावरून केबिनमध्ये समोर बसलेली बाई खोटं बोलतेय असं म्हणणं म्हणजे एका गल्लीतल्या दहा घरांवरून आख्ख्या शहराची घरपट्टी ठरवण्यासारखं आहे.

आणि चूक काय फक्त जाड माणसंच करतात? अमेरिकेत २००२ साली एक भन्नाट छोटा अभ्यास छापून आला. दहा आहारतज्ज्ञ बायका आणि दहा इतर बायका. सगळ्यांनी खाण्याची नोंद ठेवली आणि ऊर्जा त्याच जड पाण्याने मोजली. इतर बायकांनी दिवसाला सरासरी ४२९ कॅलरी कमी नोंदवल्या. आणि आहारतज्ज्ञांनी? २२३. ज्यांचा धंदाच कॅलरी मोजण्याचा, त्यांचीसुद्धा दोन पोळ्या-भाजीएवढी चूक. त्यांना कुणी खोटारड्या म्हणालं नाही.

मग ही चूक येते कुठून? थोडा भाग अर्थातच ‘चांगलं दिसण्याचा’ आहे. समोर टॅब घेतलेली मुलगी बसलीय, तिच्यासमोर “मी काहीच करत नाही” कोण म्हणेल? पण माझ्या मते मोठा भाग प्रश्नाचाच आहे. आणि हे मी दारोदार फिरून सांगतेय.

हडपसरच्या एका वस्तीत मी एका मावशींना विचारलं, “तुम्ही काय काम करता?” प्रश्नावलीत ‘काम’ या सदरात घरकामही धरायचं असतं, पगारी असो की बिनपगारी. मावशी म्हणाल्या, “काही नाही गं, घरीच असते.” हे बोलताना त्या कळशी भरत होत्या. सार्वजनिक नळ घरापासून दीडशे पावलांवर, आणि ती त्या सकाळची सहावी खेप. मी विचारलं, “मग हे?” तर म्हणाल्या, “हे काय काम आहे व्हय?” मी घाईत असते तर टॅबमध्ये गेलं असतं शून्य. किती ठिकाणी गेलं असेल, देव जाणे. आमच्या ट्रेनिंगमध्ये ‘जोरकस’ आणि ‘मध्यम’ समजवायला दहा मिनिटं होती, चहा धरून.

म्हणजे बघा, एकाच प्रश्नाने वस्तीतल्या मावशींची हालचाल कमी मोजली जाते आणि सोसायटीत जिमचं कार्ड असलेल्या माझ्यासारखीची जास्त. हा साधा गोंधळ नाही. वजनकाट्याचं उदाहरण घ्या. काटा थरथरत असेल, कधी थोडं वर, कधी थोडं खाली, तर दहादा मोजून सरासरी काढता येते. काटा सगळ्यांनाच दोन किलो जास्त दाखवत असेल तर दोन वजा करता येतात. पण वर कोण उभं आहे ते बघून काटा वेगवेगळं चुकत असेल, तर काय करायचं? माणसं हजार घ्या नाहीतर लाख, ती चूक जात नाही. उलट लाख माणसं घेतल्यावर आपण चुकीच्या उत्तराबद्दल जास्त ठाम होतो. आहार आणि व्यायामाच्या स्वतः सांगितलेल्या आकड्यांबद्दल २०१५ साली काही संशोधकांनी मिळून एक लेख लिहिला, त्याच्या मथळ्याचा भावार्थ असा की ‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं’ हे प्रत्येक वेळी खरं नसतं. मला तो पटतो. अर्धा पटतो, म्हणजे. का ते पुढे सांगते.

त्याआधी एक गोष्ट, जी कळल्यावर मी खरंच आईला फोन केला.

प्रश्नावली विचारते, श्वास वाढेल इतकी हालचाल किती केलीत? यंत्र मोजतं, कंबर किती हलली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! ८४ किलोची, गुडघे दुखणारी, ५८ वर्षांची बाई चढाच्या रस्त्याने देवळात जाते तेव्हा तिला खरोखर धाप लागते. तिच्यासाठी ती जोरकस हालचाल आहे, शंभर टक्के प्रामाणिक उत्तर. पण तिची चाल हळू आहे. यंत्रातली ‘मध्यम’ची रेघ कुठे ओढायची हे ठरवलेलं असतं, १९९८ साली ट्रेडमिलवर चालणाऱ्या तरुण अमेरिकन लोकांवरून काढलेली मिनिटाला १९५२ काउंटची रेघ वर्षानुवर्षं खूप ठिकाणी वापरली गेली. आई त्या रेघेच्या खालीच राहणार. यंत्र म्हणेल, ‘हलकी हालचाल’. संशोधक म्हणेल, ‘वाढवून सांगितलं’. डॉक्टर म्हणतील, ‘खोटं’. आणि तिचा जीव तर वर आलेला.

यंत्रही काही सत्यनारायणाचा प्रसाद नाही, बरं का. कमरेला लावलेल्याला सायकल फारशी दिसत नाही. डोक्यावरचा हंडा तर अजिबात दिसत नाही, भरलेला आणि रिकामा त्याला सारखाच. मनगटावरच्याला भाकरी थापणंही चालण्यासारखं वाटू शकतं. आणि पट्टा लावला की माणूस चार दिवस जास्त चालतो, हे तर आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

डॉक्टरांच्या वाक्यातली दुसरी चूक मला खूप उशिरा कळली. ‘चालला असता तर वजन राहिलं असतं का?’ हो, राहू शकतं की! आईच्या वजनाच्या बाईने तासभर साध्या वेगाने चालून साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी जातात. एक मोठा समोसा. टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणाऱ्या लोकांची ऊर्जा २०१२ साली त्याच जड पाण्याने मोजली. दिवसभर चालणारी माणसं ती. शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च ऑफिसात बसणाऱ्या पाश्चात्त्य लोकांच्या जवळपासच निघाला. म्हणजे वजनाकडे बघून चालणं मोजता येत नाही. वजन हा चालण्याचा साक्षीदारच नाही.

मग चालून उपयोग काय, असं म्हणून कोपऱ्यावर रिक्षा करू नका! इथे चूक उलट्या बाजूने नडलीय. हालचाल धूसर मोजली की तिचा फायदाही धूसर दिसतो, आहे त्यापेक्षा कमी. २०१९ साली यंत्राने मोजलेल्या ३६,३८३ माणसांचा एकत्र अभ्यास आला. त्यात हालचाल आणि मृत्यूचा धोका यांचं नातं, आधीच्या विचारून केलेल्या अभ्यासांत दिसायचं त्यापेक्षा बरंच ठळक होतं. हलकी हालचालसुद्धा उपयोगी दिसली. म्हणजे आईचं ते रेघेखालचं, हळू, धापा टाकत चालणं. इतकी वर्षं प्रश्नावल्यांना ते नीट दिसतच नव्हतं.

आपल्याकडचे आकडेही बघू, पटकन. आयसीएमआर-इंडियाब या मोठ्या सर्व्हेच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता. २०१४ च्या अहवालात ५४.४ टक्के लोक ‘निष्क्रिय’ निघाले. २०२४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलं की २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. बायका ५७ टक्के, पुरुष ४२. बातम्यांत ‘भारतीय आळशी’ असं झळकलं. हे दोन्ही विचारून काढलेले आकडे आहेत. मी म्हणत नाही की ते फेकून द्या. राज्यभर यंत्रं वाटायला पैसे नाहीत, आणि कोण कामासाठी हालतं, कोण हौसेने, हे यंत्र सांगत नाही. ते विचारावंच लागतं. म्हणून म्हटलं, तो लेख मला अर्धाच पटतो. पण ५७ आणि ४२ मधला फरक वाचताना मला कळशी दिसते. त्या फरकातला किती भाग बायकांच्या बसण्याचा आणि किती “घरीच असते” या उत्तराचा?

हं, तुमचा आकडा. तो सुरुवातीला ठरवलेला. आता उघडा ॲप आणि बघा. मी हा प्रयोग आईसोबत केला. दोन आठवडे दोघींनी मनगटाला पट्टा लावला आणि रोज रात्री वहीत अंदाज लिहिला. माझा अंदाज होता आठवड्याला पाच दिवस, पंचेचाळीस मिनिटं जोरात. निघाले तीन दिवस आणि कसेबसे पंचवीस मिनिटं. बाकी वेळ मी जिममध्ये मशीन रिकामं व्हायची वाट बघत मोबाईल बघत होते, पण डोक्यात सगळं ‘जिम’ म्हणूनच जमा झालं होतं.

आणि आईचा तासभर? ती सहा वाजता चपला घालायची आणि सात वाजता काढायची. मधला सगळा वेळ तिच्या हिशेबात ‘चालणं’. त्यात देवळाच्या पायरीवर पाच मिनिटं, भाजीवालीशी दहा मिनिटं, गुडघ्यासाठी कट्ट्यावर दोनदा बसणं. प्रत्यक्ष पावलं पडायची ती पस्तीस मिनिटं. चौदापैकी तेरा दिवस ती गेली होती. दोघींमध्ये सत्याच्या जास्त जवळ कोण होतं ते तुम्हीच सांगा. आणि मला तर कुणी कधी विचारलंही नाही, कारण मी बारीक आहे.

आता आम्ही दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे जातो. पहिल्या भेटीत आई खुर्चीच्या टोकावर बसली होती, पर्स घट्ट धरून. डॉक्टरांनी ‘व्यायाम?’ विचारलंच नाही. म्हणाल्या, “काकू, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. सावकाश.”

आईने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “म्हणजे, पाणी भरलं, अंगण झाडलं, ते पण सांगू?”

“ते पण सांगा,” डॉक्टर म्हणाल्या आणि पेन उघडलं.